माझा आवाज बसला तो दिवस

आदल्या रात्री घसा धरला होता, सकाळी उठलो तर आवाज पार बसलेला. तीन दिवस बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही, अशी डॉक्टरांनी तंबी दिली. खरं तर सुट्टीच घ्यायला हवी होती. पण तो दादाचा दिवस होता आणि त्याची दाढी करण्याची तालीम चुकवायची माझी इच्छा नव्हती. शिवाय दादा इतका तयार झाला होता की मी नुसता बसून राहिलो तरी चाललं असतं. निदान माझा तसा समज होता.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांना रोजच्या जगण्यातली कामं शिकवतो. कपडे घालणं, आंघोळ, अंथरूण आवरणं, दाराला कडी लावणं, फोन उचलून बोलणं, असलं सगळं. दादा एकोणतीस वर्षांचा, डाऊन सिंड्रोम असलेला. त्याची धाकटी बहीण त्याला दादा म्हणते, म्हणून आमच्याकडेही सगळे दादाच म्हणतात. इथेही तेच नाव ठेवतो.

दादाची दाढी अकरा वर्षं त्याचे वडील करत आले. आता त्यांना (आम्ही त्यांना काका म्हणतो) कंपवात आहे. दुसऱ्याच्या गालावर रेझर धरण्याइतका हात स्थिर राहत नाही. पहिल्या भेटीत त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "बघा. आता कसं करायचं?"

ट्रिमर हा सोपा मार्ग होता, तो आधी करून पाहिला. पण दादाला त्या घरघरीचा धसका. गालाला लागताच मान खांद्यात ओढून घ्यायचा, दोनदा खोलीबाहेर पळाला. मग साधं रेझरच घ्यायचं ठरलं. लहानपणी त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया झालेली, म्हणून रक्त पातळ करणारी गोळी चालू नाही ना, हे त्याच्या डॉक्टरांकडून लिहून घेतलं. डाऊन सिंड्रोममध्ये स्नायू जरा सैल आणि बोटं आखूड असतात, बारीक दांडा हातात फिरतो. त्यावर फोमची नळी चढवून दांडा जाड केला. मग कामाचे तुकडे पाडले. साहित्य काढणं ही पहिली पायरी, तोंड पुसून क्रीम लावणं ही सतरावी. प्रत्येक पायरीचा फोटो काढून आरशाशेजारी पट्टी चिकटवली, कारण या मुलांची ऐकून लक्षात ठेवण्याची ताकद कमी असते आणि पाहून लक्षात ठेवण्याची त्या मानाने बरीच चांगली. (एकोणतीस वर्षांच्या माणसाला 'मुलगा' म्हणायची सवय अजून जात नाही. वाचताना खटकलं असेल तर बरोबरच आहे.)

शिकवलं शेवटाकडून. बॅकवर्ड चेनिंग म्हणतात त्याला. सुरुवातीला सोळा पायऱ्या मी करायचो आणि तोंड पुसून क्रीम लावायचं काम त्याचं. ते जमलं की त्याआधीची पायरी त्याच्याकडे. फायदा असा की पहिल्या दिवसापासून काम पुरं करण्याचा मान शिकणाऱ्याला मिळतो. दादा क्रीम लावून आरशात स्वतःला असा न्याहाळायचा, जणू सगळी दाढी त्यानेच केली होती.

चार महिन्यांत तो सतराव्या पायरीवरून पहिलीपर्यंत आला. माझ्या तक्त्यात दर पायरीपुढे चार रकाने होते: हात धरून, खुणेने, सांगून, स्वतः. शेवटच्या नऊ तालमींमध्ये सगळ्या खुणा 'स्वतः'च्या रकान्यात पडल्या होत्या. तो तक्ता मी आल्यागेल्याला दाखवत होतो, हेही कबूल करतो.

त्या दिवशी दादाने साहित्य काढलं, तोंड ओलं केलं, एका गालाला फेस लावला. मी नेहमीसारखा मागे स्टुलावर, आरशात त्याला दिसेन असा. उजव्या गालावर कानाजवळून रेझर खाली आणलं. एक पट्टा, दुसरा, तिसरा. गाल मोकळा झाला. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. बोलता येत नाही तर निदान चेहऱ्यानेही काही सुचवू नये, इतका मी त्या दिवशी काटेकोर झालो होतो. मान खाली घालून तक्त्यात खूण करत बसलो.

त्याने पुन्हा त्याच गालावर रेझर फिरवलं. मला वाटलं, वा, नीट करतोय. तिसऱ्यांदा फिरवलं. फेस केव्हाच गेला होता, कातडी कोरडी. पुन्हा आरशात पाहिलं. मी पुन्हा खाली. चौथ्या की पाचव्या वेळी कोरड्या कातडीवर रेझर घासल्याचा आवाज आला आणि मी वर पाहिलं. गाल लालबुंद, जबड्याच्या कडेला रक्ताचे तीन-चार ठिपके आणि हात चालूच.

मी उठून त्याच्या खांद्यावर थाप मारली. त्याने रेझर खाली ठेवलं, माझ्याकडे वळला आणि विचारलं, "झालं?"

चार महिन्यांत हा प्रश्न त्याने कधी विचारला नव्हता. विचारायची वेळच आली नव्हती. उजवा गाल झाला की मी "झालं" म्हणायचो. डावा झाला की "हं, झालं." हनुवटी, ओठांवरचा भाग, मान, दर ठिकाणी माझं एक "झालं". सतरा पायऱ्यांच्या यादीत ते कुठेच नव्हतं. 'सांगून'च्या रकान्यात मी ते कधी मोजलं नाही, कारण माझ्या लेखी ती मदत नव्हती, नुसतं बोलणं होतं. दादाच्या लेखी ती थांबायची एकमेव खूण होती. रेझर कसं फिरवायचं हे तो शिकला होता, कधी थांबायचं हे मीच ठरवत होतो.

शिकताना मिळणाऱ्या मदतींपैकी शब्दांची मदत काढून घेणं सगळ्यात जड जातं, हे मी नव्या प्रशिक्षकांना सांगतो. धरलेला हात सोडला की सोडल्याचं दिसतं. तोंडातून निघालेला शब्द आपल्याला स्वतःलाच ऐकू येत नाही.

दादाने रक्त पाहिलं, डबीतून कापूस काढला आणि गालावर दाबून धरला. हे आम्ही वेगळं शिकवलं होतं आणि ते तरी चोख जमलं. तेवढ्यात काका आत आले. त्यांना त्या दिवशी मी पुढचं ठरवायला बोलावलं होतं, आणि खरं सांगायचं तर तक्ता दाखवायलाही. त्यांनी आधी मुलाचा गाल पाहिला, मग मला.

"म्हणूनच मी नको म्हणत होतो. तुम्हाला सांगितलं होतं ना सर?"

सांगितलं होतं. तेव्हा मी त्यांना, बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या हक्कांसाठी लिहिणारे रॉबर्ट पर्स्के यांनी १९७२ साली मांडलेली 'जोखमीचा सन्मान' ही कल्पना ऐकवली होती. प्रत्येक धोक्यापासून राखत बसलो तर माणसाचं माणूसपण आपण काढून घेतो, चार साध्या माणसांना जेवढं खरचटतं तेवढं यांनाही खरचटू द्यावं, वगैरे. कल्पना मला आजही पटते. पण ही जखम त्या खात्यात टाकता येत नव्हती. दादाने जोखीम घेऊन चूक केली नव्हती, चूक माझ्या यादीत होती. आवाज असता तर मी पर्स्के पुन्हा काढले असते, याची मला शंका नाही. कागद ओढला आणि लिहिलं: "चूक माझी. कधी थांबायचं हे शिकवलंच नाही."

काकांनी वाचलं. रागावलेले होते, पण ते वाचून थोडे गोंधळले. "म्हणजे? त्यात शिकवायचं काय? हाताला कळतं ना."

असं म्हणत त्यांनी थरथरत्या हाताची मागची बाजू दादाच्या दुसऱ्या, फेस न लावलेल्या गालावर फिरवली. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मी तर डोळे मिटून करायचो याची. बोट फिरवायचं, खरखर लागली की तिथे पुन्हा. नाही लागली की झालं."

मी पटकन दादाचा हात धरून त्या गालावर ठेवला. काकांच्या लक्षात आलं. त्यांनी दादाचा हात स्वतःच्या गालाकडे नेला. त्या दिवशी काकांचीही दाढी राहिलेली होती, हात जास्त कापतो त्या दिवशी ते करत नसत. "हे काय आहे रे?"

"टोचतं," दादा म्हणाला.

मग त्याचा हात त्याच्याच कपाळावर. "आणि हे?"

"टोचत नाही."

पुढची दहा मिनिटं दादा काकांचा गाल, स्वतःचा गाल, कपाळ, पुन्हा काकांचा गाल असं करत बसला. दर वेळी मोठ्याने निकाल देत होता. काकांचा राग कुठे गेला ते त्यांनाही कळलं नसावं. मी स्टुलावर बसून नवी पायरी लिहीत होतो.

गाल बरा होईपर्यंत आठवडाभर रेझर बंद ठेवलं, फक्त बोटांचा सराव चालला. मग नवा नियम: फेस गेलेल्या जागी रेझर न्यायचं नाही. आधी रेझर खाली ठेवायचं, बोटं फिरवायची. टोचलं तर पुन्हा फेस, नाही टोचलं तर पुढचा भाग. मी स्टूल दाराबाहेर नेलं, आरशात दिसणार नाही असं. पहिल्या दिवशी तो हातात रेझर घेऊन तोंडभर फेसानिशी मला शोधत बाहेर आला. सहा आठवडे लागले.

मधल्या काळात मी बाकीच्यांचे तक्ते काढून बसलो आणि स्वतःचं "झालं" शोधू लागलो. एक ताई फरशी पुसतात, त्या खोलीच्या शेवटाला पोचल्यावर थांबत नव्हत्या, मी दारात आलो की थांबत होत्या. एक जण हात धुताना मी नळाकडे पाहिलं की नळ बंद करायचा. दोघांच्याही तक्त्यात 'स्वतः'. अजून तिघांबद्दल खात्री नाही, पाहतोय.

दादाच्या शिकण्यातून एक वेगळीच अडचण निघाली. तो दिसेल त्या पुरुषाच्या गालावरून हात फिरवू लागला. बहिणीसोबत बाहेर पडला की अनोळखी माणसांना "टोचतं!" म्हणून सांगायचा. मग हात कुणाला, कधी आणि विचारून लावायचा, ही निराळी शिकवणी घ्यावी लागली. ती दाढीपेक्षा अवघड गेली आणि पूर्ण झाली असं अजून म्हणवत नाही.

गेल्या महिन्यात त्याचं मूल्यमापन केलं. माणूस रोजची कामं स्वतः किती करतो हे मोजायला आम्ही बार्थेल निर्देशांक वापरतो, १९६५ पासून चालत आलेला. एकूण गुण १००, त्यांतले ५ तोंड धुणं, केस विंचरणं, दात घासणं आणि दाढी मिळून. त्यात एक अट आहे: रेझर कुठलंही चालेल, पण ते कपाटातून काढणं आणि पत्ती बसवणं माणसाने स्वतः करायला हवं. दादा रेझर काढतो. पत्तीचं डोकं मात्र अजून बहीण बदलून देते. अर्धे गुण द्यायची सोय नाही. मी ० लिहिला.

दादा शेजारी उभा राहून पाहत होता. "सर, बघू?" त्याने विचारलं. मी मान हलवली. त्याने बोटांची मागची बाजू माझ्या जबड्याखालून फिरवली, एका जागी थांबला, परत फिरवली.

"राहिलंय," तो म्हणाला, आणि फेसाची बाटली आणायला गेला.