मामाचं रान

आज दिवसभर गोव्यातल्या वाळपईजवळ मामाच्या काजूच्या बागेत होतो. बोंडू गोळा करून कंबर मोडली, ते सोडा. बागेच्या वरच्या अंगाला मामाचं रान आहे, माट्टी आणि किंदळीच्या झाडांचं. त्याच्या पायथ्याशी झरा. एप्रिलातही वाहतोय. ओंजळभर पाणी प्यायलो, दात शिवशिवले.

"मामा, हे रान राखून तुला काय मिळतं रे?"

"गवे," मामा म्हणाला.

हसलो खरा. पण १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, मालक कोणीही असो, जंगल ते जंगल. मग गोव्यात खासगी वनं शोधायला समित्या बसल्या. परवानगीशिवाय तोडायचं नाही, हे मला पटतंच. पण राखणाऱ्याच्या हातात काय पडतं?

त्याच १९९६ मध्ये कोस्टा रिकाने नवा वनकायदा केला. १९९७ पासून तिथे जमीनमालकाशी करार करून रान राखण्याचे, झाडं लावण्याचे पैसे देतात, बरेचसे इंधनावरच्या करातून. आज तिथली निम्म्याहून जास्त जमीन जंगलाखाली आहे. सगळं श्रेय पैशांचं नाही. जंगलतोडीवर बंदी आली, गुरांच्या धंद्यालाही उतरती कळा लागली.

मामाला हे सांगितलं. तो काजूची बी पिळून काढत बराच वेळ गप्प होता.

"म्हणजे पणजीत गाडी उडवणारा माझ्या झऱ्याचे पैसे भरणार? बरं आहे की! पण जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर अकरा नावं आहेत. त्यातले चार मुंबईला. सही कोण करणार, तू?"