ग्रीकांचा डाव शिकताना

आज भाच्याला ‘एज ऑफ मायथॉलॉजी: रिटोल्ड’ हा पुराणकथांवर बेतलेला २०२४ चा संगणकीय डावपेचांचा खेळ शिकवताना त्याने सर्वांत आधी विचारले की, ग्रीकांच्या बाजूने खेळताना देवांची कृपा, म्हणजे खेळातले एक साधन, मिळवायची कशी. अन्न, लाकूड आणि सोने गोळा करायचे हे कोणालाही चटकन उमगते; कृपेसाठी मात्र ग्रीक गावकऱ्यांना मंदिरापाशी प्रार्थनेला बसवावे लागते, आणि त्यांची संख्या वाढेल तसतशी प्रत्येक जादा गावकऱ्यामागे पडणारी भर घटत जाते, म्हणून सुरुवातीला दोघे-तिघे पुरेत असे माझे ठाम मत आहे. मंदिराशिवाय पुढच्या युगात, म्हणजे खेळाच्या पुढच्या टप्प्यात, जाताच येत नाही, त्यामुळे ते लवकर उभारलेले बरे.

झ्यूस हा मुख्य देव घेऊन खेळणाऱ्याला पुढच्या युगात जाताना अथेना किंवा हर्मिस यांपैकी एक दुय्यम देवता निवडावी लागते. नवख्याने अथेनाच घ्यावी, कारण तिच्यासोबत मिळणारा मिनोटॉर, म्हणजे बैलाच्या डोक्याचा राक्षस, समोरच्या सैनिकाला शिंगांनी उचलून थेट भिरकावून देतो, आणि ते दृश्य पाहून भाचा अक्षरशः खुर्चीतून उठला!

शत्रूनेच मिनोटॉर धाडला तर काय, हा त्याचा पुढचा प्रश्न तितकाच रास्त होता. अशा प्राण्यांपुढे साधे सैनिक टिकत नाहीत, तिथे वीर, म्हणजे खेळातले खास नामांकित योद्धेच, भारी पडतात. तेव्हा झ्यूसच्या बाजूने खेळताना जेसन हा वीर पहिल्यापासून हाताशी असावा.