चकली आणि शेव

दुपारी साडेबाराला ताईचा व्हिडिओ कॉल आला. "काय करतेस?" तिने विचारलं आणि माझी पंचाईत झाली. मी काचेच्या पेटीसमोर खुर्ची टाकून बसले होते. खरं उत्तर एका शब्दाचं होतं, पण इथे कॅनडात, वॉटर्लूत भर दुपार असली तरी देवरुखात रात्रीचे दहा वाजले होते. दिवेलागणीनंतर तो शब्द आमच्या घरात कुणी तोंडातून काढत नाही. 'जनावर' म्हणायचं, 'लांबडं' म्हणायचं, फारच अडलं तर नुसतं 'ते'. कुणाला चावलं तर 'पान लागलं'. आता हा नियम कुणाच्या घड्याळाने पाळायचा? बोलणारीच्या की ऐकणारीच्या? आमच्या आजीला हे विचारायला हवं होतं, पण तिच्या काळी साडेनऊ तासांचं अंतर एवढं जवळ आलेलं नव्हतं.

"लांबडं बघत्येय," मी म्हणाले.

"अगं बाई! कुठे?"

"दिवाणखान्यात."

नातवाला कुत्रा हवा होता. लेकीला केसांची ॲलर्जी. तेव्हा जावई गमतीत म्हणाला, की बिनकेसांचं काहीतरी बघ. अकरा वर्षांच्या मुलाशी अशी गंमत करू नये. महिन्याभरात घरात गार्टर जातीच्या दोन सापिणी आल्या. एकाच वेतातल्या, म्हणजे सख्ख्या बहिणी. नावं चकली आणि शेव. मराठी जेवढं शिकवलं त्यातलं फराळापुरतं त्याला पक्कं येतं.

पहिल्या दिवशी पेटीत वाकून पाहिलं आणि माझ्या तोंडून गेलं, "ही तर आपली नानेटी!" नानेटी म्हणजे आमच्याकडचा एक बिनविषारी साप. तशीच बारीक चण, तसेच गोल डोळे, काळपट अंगावर डोक्याकडून शेपटीपर्यंत गेलेल्या तशाच फिकट रेघा. नातवाने लगेच शोधून सांगितलं, की शास्त्रज्ञांनीही दोघींना एकाच कुळात घातलंय. फरक एवढाच, की नानेटी अंडी घालते आणि ही थेट पिल्लांना जन्म देते. गार्टर म्हणजे मोजे घसरू नयेत म्हणून बांधायचा पट्टा. त्याच्यावरचे पट्टे बघून कुणीतरी हे नाव ठेवलं. मला त्यावरून मुंबईची चुलत भावंडं आठवली. मे महिन्यात बोट आणि एसटी करत यायची, तेव्हा त्यांच्या पोटऱ्यांवर मोज्यांच्या रबराचे लाल वळ असायचे. आम्ही अनवाणी पोरं त्या वळांकडे फार आदराने बघत असू.

या दोघींचं खाणं म्हणजे गांडुळं. ती इथे मासे पकडायच्या गळाला लावायला म्हणून विकतात, मातीसकट, प्लास्टिकच्या डब्यात. रात्री शेतांत माणसं बॅटऱ्या घेऊन ती हाताने वेचतात म्हणे. आमच्या फ्रिजमध्ये तो डबा माझ्या विरजणाच्या शेजारी असतो. दोन्ही डबे एकाच कंपनीचे. मी माझ्या डब्याला लाल दोरा बांधलाय. मी एकदा मोठ्या उत्साहाने म्हटलं, "अरे, आमच्या सोसायटीत गांडूळखताचा खड्डा आहे, हवी तेवढी मिळतील." तर नातू म्हणाला, ती खतातली लाल गांडुळं यांना चालत नाहीत, त्यांच्या अंगातून निघणारा पिवळा रस बाधतो. चला, म्हणजे या पोरी खाण्याच्या बाबतीत आमच्या जावयांसारख्याच.

नागपंचमीला खरी मजा झाली. त्या दिवशी चिरायचं नाही, तवा चढवायचा नाही, म्हणून मी पुरणाची दिंडं उकडत होते. आणि हा आला गांडूळ कापून मागायला. शेव लहानखुरी, तिला तुकडे करून लागतात. मी म्हटलं, आज सुरी नाही. तो थोडा वेळ विचार करत उभा राहिला. "आजी, कात्रीनं चालतं?" मला उत्तर सुचलं नाही. आपल्याकडे विळीला मनाई आहे, सुरीला आहे, कात्रीबद्दल कुणी काही सांगून ठेवल्याचं मला आठवेना. शेवटी शेवला उपास घडला. तिला काही फरक पडला नाही, ही मंडळी दोन-चार दिवसांनी एकदाच जेवतात. दुधाची वाटी ठेवायचं मीच म्हणणार होते, पण त्याने माझ्याकडे असं बघितलं की दूध मुकाट्याने चहात गेलं.

जेवायच्या वेळी दोघींना वेगळ्या डब्यांत ठेवावं लागतं. नाहीतर एकच गांडूळ दोन्हीकडून धरतात, कुणीच सोडत नाही, आणि तोंडाला तोंड भिडलं की एक दुसरीला गिळायला लागते. जेवण झालं की मोठी जांभई. ती आळसाची नव्हे, ताणलेला जबडा पुन्हा जागेवर बसवायची. मध्यंतरी चकलीचे डोळे निळसर दुधी झाले. मला वाटलं, मोतीबिंदू. माझा गेल्याच वर्षी काढला, त्यामुळे मला जरा जास्तच कळवळा. चार-पाच दिवसांनी डोळे आपोआप निवळले, आणि मग एका सकाळी तिने लाकडाच्या सालीला नाक घासून घासून कात सोडली. पायातून मोजा ओढावा तशी, आतली बाजू बाहेर. त्यांना पापण्या नसतात, डोळ्यांवर नुसते पारदर्शक खवले. ते दोन काचेसारखे ठिपकेही कातीबरोबर निघून आले होते. ऑपरेशन नाही, थेंब नाहीत, महिनाभर केस धुवायची बंदी नाही.

पण मी खुर्ची टाकून बसते ती या कशासाठीच नाही. पेटीत लपायला तीन जागा आहेत. एक दुकानातून आणलेला खोटा दगड, एक ती साल आणि एक मी दिलेली करवंटी. सोलकढीला फोडलेल्या नारळाची, कडेला दारापुरतं छिद्र पाडलेली. दोघी दीड-दीड फुटाच्या. तीन खोल्यांच्या घरात दोघी कायम त्या करवंटीत, एकमेकींच्या वेटोळ्यात, कुणाची शेपटी कुठली कळू नये अशा. मला वाटलं, तिथे ऊब असेल. पेटीच्या एका टोकाला दिवा असतो, दुसरं टोक गार. मी करवंटी गार टोकाला सरकवली. तासाभरात दोघी तिथे. मग चकलीला उचलून सालीखाली ठेवलं. पूर्वी हात लावला की अंगावर घाण वास सोडायची, आता सोडत नाही. जीभ लवलवत सबंध पेटी हुंगून आली आणि करवंटीत शिरली.

मी हा शोध नातवाला सांगितला, तर म्हणाला, "आजी, हे माहितीये सगळ्यांना." याच गावातल्या विल्फ्रिड लॉरिये विद्यापीठाने गार्टर जातीच्या चाळीस लहान सापांवर प्रयोग केला होता, 2020 साली तो छापून आला. डोक्यांवर रंगीत ठिपके देऊन त्यांना दहा-दहाच्या गटाने ठेवलं, लपायला चार जागा दिल्या. दिवसातून दोनदा सगळ्यांना बाहेर काढायचे, वास राहू नये म्हणून पेटी पुसायचे आणि जागा बदलून परत सोडायचे. साप पुन्हा आपापली ठरलेली सोबत शोधून काढायचे. मला वाईट वाटलं. माझा शोध चार-पाच वर्षं शिळा होता.

आमचं घर मोठं होतं. माजघर, ओटी, दोन खोल्या, वर माळा. मी आणि ताई मात्र एकाच गोधडीत. त्या वर्षी मी आठ वर्षांची, ती दहाची. श्रावणातली तिन्हीसांज, कंदील नुकता लागलेला. पडवीत सरपणाच्या ढिगापाशी बेडकी ओरडत होती. बघायला गेलो तर तिचा मागचा पाय कुणाच्या तरी तोंडात. "साप!" दिवे लागल्यावर, एवढ्या मोठ्याने. गडी काठी घेऊन धावला. आमच्याकडे विषारी फुरसी फार. कंदिलाच्या उजेडात कुणी थांबून रेघा मोजत नाही. अण्णा अंगणातून "थांब, थांब" म्हणत पायऱ्या चढेपर्यंत झालं होतं. त्यांनी कंदील खाली धरला. पिवळसर रेघा दिसल्या. बेडकी जरा वेळ तिथेच बसून राहिली आणि मग दोन उड्यांत पन्हळीखाली गेली.

अण्णा कुणाला रागावले नाहीत. त्यांनी ती फावड्यावर घेतली आणि पोफळीत नेऊन पुरली.

फोनवर मी ताईला करवंटी दाखवली. आतून अर्धं डोकं दिसत होतं.

"नानेटीसारखीच की गं," ती म्हणाली.

"हो ना."

मग दोघी जरा गप्प. तिच्या मागे पंखा फिरत होता.

"केवढ्याने ओरडली होतीस तू तेव्हा," ती म्हणाली.

मी? इतकी वर्षं मला पक्कं ठाऊक आहे की ती ओरडली. मला तिचं उघडं तोंड दिसतं, सुटलेली लाल रिबीन दिसते. तिलाही माझं असंच काहीतरी दिसत असणार. मी म्हणाले, "झोप आता, उशीर झालाय तुला." तिने दोन-तीनदा लाल बटण चुकवलं आणि शेवटी फोन बंद झाला.

घरात कुणी नव्हतं. बाहेर लख्ख ऊन. मी मोठ्याने एकदा ओरडून पाहिलं, "साप!" आवाज ओळखू येतो का, म्हणून. म्हाताऱ्या बाईचा आवाज, त्यावरून काय कळणार.

करवंटीत काही हललं नाही.