जोतिबाचा खेटा: पंचगंगेपासून डोंगरापर्यंत

माघ पौर्णिमा झाली की पुढच्या रविवारपासून कोल्हापुरात खेटे सुरू होतात. सलग पाच रविवार, पंचगंगेवर अंघोळ करून जोतिबा डोंगर, तोही चालत. केदारला परत निघालेल्या जोतिबाला थांबवायला अंबाबाई करवीराहून अनवाणी गेली, अशी कथा. म्हणून बरेच जण आजही चपला घालत नाहीत.

आम्ही तीन-साडेतीनलाच घाट सोडतो. उशीर केला तर चढ उन्हात सापडतो, बाकी कारण नाही. शिवाजी पूल ओलांडला की वडणगे, निगवे, कुशिरे. इथवर वाट सपाट, त्यामुळे नवखी पोरं इथंच पळतात आणि डोंगराच्या पायथ्याला त्यांच्या पोटऱ्या भरतात. अंधारात खरी भीती उसाची. तोडीचा हंगाम असतो. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर गाणी लावून येतो, बाहेर लोंबणारा ऊस चालणाऱ्याला फटका देऊन जातो. उजव्या कडेनं चालायचं, म्हणजे गाडी समोरून दिसते. अंगात पांढरा सदरा, हातात बॅटरी.

कुशिऱ्यापासून चढ लागतो. उजाडताना खाली उसाचा हिरवा पट्टा आणि गुऱ्हाळांचा धूर दिसतो. फोटो काढायचा तर इथंच, वर गर्दीत जमत नाही. गायमुखाला पाणी भरून घ्यावं, पण फार वेळ टेकू नये. पाय गार पडले की पुढचा चढ दुप्पट वाटतो.

अनवाण्यांना फोड येतात ते चढामुळं कमी आणि तापलेल्या डांबरामुळं जास्त. फोड फोडू नका, सुती पट्टी बांधा. परतीसाठी चपला पिशवीत असू द्या. खेटा वर पोचल्यावर पुरा झालेला असतो, असं आमचं मत.

डोंगरावरचं गाव वाडी रत्नागिरी. बहुतेक घरं गुरव पुजाऱ्यांची, आणि कुठल्या गावाचा, कुठल्या भावकीचा पुजारी कोण हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. 'गाव कुठलं पाव्हणं?' एवढं विचारून ते तुम्हाला योग्य दारात नेऊन सोडतात. हॉटेलापेक्षा तिथलं जेवण केव्हाही बरं, पण पुरणपोळीचा नैवेद्य आदल्या दिवशी फोन करून सांगावा. ऐनवेळी सांगितलं तर काकूंची चूल आधीच दहा घरांच्या पुरणाला लागलेली असते. पाणी जपून वापरा. उन्हाळा लागला की वर तंगी असते.

राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलेल्या या देवळाच्या आवारात फरशीवर गुलालाचा थर असतो. त्यावर नारळाचं पाणी सांडलं की पाय सटकतो, उतारावर तर हमखास. कपड्यावरचा गुलाल आधी कोरडा झटकायचा. ओला हात लावला की डाग बसलाच म्हणून समजा.

दुपारनंतर कोल्हापूरच्या एसटीत उभं राहायलाही जागा नसते. दर्शन, नैवेद्य, मग थेट स्टँड. खोबरं-पेढे घ्यायचे तर रांगेत लागण्याआधीच घ्या.