पाच पाऊणे पावणेचार

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि आधी आठवला तो हजेरीपट. त्यात माझ्या नावापुढे उशिराची खूण असायची आणि तिच्या शेजारी वर्गशिक्षकांच्या बारीक अक्षरात एकच शब्द: 'खाडी'. एसटी चुकलेल्या मुलाला छडी मिळे, झोपून राहिलेल्याला दोन मिळत. खाडीवाल्यांना मात्र माफी होती. 1981 च्या दहावीच्या तुकडीत आम्ही असे सातजण होतो. धोपाव्याचे चार आणि वेलदूरचे तीन. शाळा दाभोळला, घर पलीकडे, आणि मधे वाशिष्ठी नदीचं मुख, म्हणजेच ती खाडी.

आता धोपाव्याहून दाभोळला जायचं म्हणजे जंगलजेटीवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीवर, गाडी चढवायची, हॅण्डब्रेक ओढायचा आणि मोबाईल बघत बसायचं. 2003 साली ती सुरू झाली. त्याआधी गाडी घेऊन पलीकडे जायचं तर चिपळूणचा वळसा पडे, आणि माणूस जायचा तर तर होती. वाचताना गोंधळ होईल म्हणून सांगतो, यातली दुसरी 'तर' म्हणजे होडी. आमच्या पोरवयात ती वल्ह्यांची होती आणि वारा बरा असला तर (ही पहिली!) तिच्यावर शीडही चढायचं.

तरीवाले काका दर्यावर्दी खारवी समाजातले. बोलायचे कमी, आणि बोलले तरी पोरांशी नाही, पाण्याशी. दाभोळचा धक्का समोर दिसत असताना ते होडीचं तोंड भलतीकडेच धरायचे. भरतीचं पाणी आत चिपळुणाकडे ओढत असलं की तोंड समुद्राकडे, अंजनवेलच्या गोपाळगडाच्या रोखाने. ओहोटी लागलेली असली की उलट, वरच्या अंगाला. मग पाणीच होडीला तिरकं सरकवत बरोबर धक्क्याला आणून लावी. पाचवीत असताना मी एकदा शहाणपणा केला, "काका, सरळ समोर का नाय नेत?" त्यांनी वल्हं न थांबवता उत्तर दिलं, "सरळ नेलान तर साळा वर ऱ्हाईल नि तू खाली." पुढे अकरावीत मुंबईला सदिशांची बेरीज शिकवायला घेतली, तेव्हा सगळा वर्ग डोकं खाजवत होता आणि मला काकांचा खांदा दिसत होता.

खरा त्रास परतीचा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे भरती दुपारी बाराच्या आसपास आणि सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, नेमकी शाळा सुटायच्या वेळेला. उधाणाची सुकती खोल. पाणी इतकं मागे जाई की होडी आमच्या बाजूला काठाच्या बरीच अलीकडे टेकायची. पुढे चिखल. चड्डी वर खोचायची, दप्तर डोक्यावर, चपला दातात किंवा गळ्यात. खाडीचा चिखल मऊ असतो हे खरं, पण त्याच्या पोटात कालवांच्या शिंपल्या असतात आणि त्या ब्लेडसारख्या लागतात. माझ्या डाव्या तळव्यावर अजून त्याची खूण आहे. सहावीत भूगोलाची वही त्या चिखलात गेली. दुसऱ्या दिवशी ती वाळून पापडासारखी वर्गात आणली तेव्हा बाई म्हणाल्या, "खाडीचा नकाशा काढायला सांगितला होता, खाडी आणायला नव्हे."

या बाई गणितही शिकवायच्या. त्या काळात पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण यांचे पाढे, पाठ करायची पद्धत संपत आली होती. मीटर-किलो येऊन वीस वर्षं होत आली, आता पाऊणकी कशाला, असं सगळ्यांचं मत. एकदा बाईंनी सहज विचारलं, पाऊणकी कुणाला येते? आम्ही सातही हात वर. बाईंना वाटलं मस्करी चाललीय. मग एकेकाला उभं करून विचारलं तर धडाधड उत्तरं. याचं कारण साधं होतं. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी, चार पाऊणे तीन, तीनला भरती. अष्टमी, आठ पाऊणे सहा. तिथून सहा तास मागे-पुढे गेलं की सुकती. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. घड्याळ घरात नसलं तरी चालायचं, कालनिर्णय मात्र हवंच. बाईंनी त्या दिवशी धडा बाजूला ठेवून आमच्याकडून अख्खा महिना फळ्यावर मांडून घेतला. दाभोळची मुलं तोंडं उघडी टाकून बघत होती. शाळेत मला मानाचे प्रसंग फार आले नाहीत, हा त्यातला एक.

इतिहासाच्या सरांची गोष्ट निराळी. त्यांना पुस्तकातला इतिहास पुरत नसे. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्यांनी आम्हाला धक्क्याजवळच्या शाही मशिदीपाशी नेलं. काळ्या दगडाचं ते बांधकाम, मोठा घुमट, कोपऱ्यांवर मिनार. आम्ही रोज तिच्यावरून जायचो, पण कधी थांबलो नव्हतो. विजापूरची शहजादी हजला निघाली, समुद्र धोक्याचा म्हणून इथेच अडकली आणि बरोबरचा पैसा तिने मशिदीवर खर्च केला, ही गावात सांगतात ती कथा सरांनीही सांगितली. पण लगेच म्हणाले, कथा राहू दे, इतका दगड आणि इतका पैसा या गावात ओतावासा वाटला, यावरून गाव काय असेल ते ओळखा.

आणि मग त्यांनी गाव उभं केलं. बहमनी राज्याचं हे मोठं बंदर. अरबस्तानातून घोडे इथे उतरत आणि घाटावर जात. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा विकायला हिंदुस्थानात आला. तो उतरला चौलला, पण घरी परतायला जहाजात बसला तो आपल्या दाभोळला. मागून कुणीतरी म्हणालं, "सर, एका घोड्यासाठी इतक्या लांब?" सर म्हणाले, "तू तीन आण्यांच्या पेन्सिलीसाठी बाजारभर फिरतोस की नाही?"

पुढची गोष्ट मात्र त्यांनी हसत सांगितली नाही. चौलच्या लढाईत पोर्तुगीज विजरई फ्रान्सिस्को द आल्मेदाचा मुलगा मारला गेला. त्या सूडाने पेटलेला बाप 1508 च्या डिसेंबरअखेर आरमार घेऊन या खाडीत शिरला आणि दाभोळ जाळलं. लढणारे, न लढणारे, कुणाला सोडलं नाही. गाव पुन्हा वसलं. दीडशे वर्षांनी अफझलखान पडला तेव्हा त्याची जहाजं याच बंदरात होती. महाराजांची माणसं येतायत म्हटल्यावर इथल्या अंमलदाराने ती राजापूरला पळवली.

मी घरी जाताना होडीत बसून मागे बघत होतो. नारळीच्या मागे कौलं, धूर, धक्क्यावर सुकत घातलेली जाळी. चारशे सत्तर वर्षांपूर्वी त्या जहाजांवरून गाव नेमकं असंच दिसलं असणार. मला पहिला प्रश्न पडला तो असा, की आल्मेदाला भरतीची वेळ कुणी सांगितली? सोमवारी सरांना विचारलं. सर बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "वाटाड्या असणार. आपल्यातलाच." मुखाशी वाळू साचते, तिथून परक्याला मोठं जहाज आत आणणं सोपं नाही, हे आम्हाला सांगायला नकोच होतं.

चंडिकेबद्दल लिहायला बसलो तर स्मरणिका पुरणार नाही. खडकातलं ते देऊळ, आत वाकून जायचं, वीज नाही, समईच्या उजेडात देवी. परीक्षेआधी आम्ही सगळेच जायचो. आमच्या वर्गातला एक मुसलमान मित्र बाहेर आमच्या चपला राखायचा आणि प्रसादाचं खोबरं हक्काने वसूल करायचा.

दहावीच्या परीक्षेला खाडीवर विसंबायचं नाही, असं सरांनी ठरवलं. पेपर असतील तितके दिवस आम्ही सातजण त्यांच्या पडवीत राहिलो. काकू रोज सकाळी मऊभात घालायच्या आणि रात्री माशाचं कालवण. तिसऱ्या दिवशी मुडदुशा आल्या, त्या पाठवल्या होत्या तरीवाल्या काकांनी. पैसे घेतले नाहीत म्हणून सर त्यांच्यावर चिडले होते.

मुंबईत नोकरीला लागलो. नव्वदच्या दशकात 'शाळा कुठली?' म्हणून कुणी विचारलं आणि मी दाभोळ म्हटलं की समोरचा म्हणे, "म्हणजे एन्रॉन!" सुरुवातीला समजावून सांगायचो की बाबांनो, एन्रॉनचा तो वीजप्रकल्प खाडीच्या आमच्या बाजूला आहे, अंजनवेल-वेलदूरला. गुहागर तालुका. दाभोळ पलीकडे, दापोली तालुका. नाव तेवढं त्यांनी पलीकडचं उचललं. नंतर कंटाळा आला. 1999 ला वीज सुरू झाली, 2001 ला बंद पडली, कंपनी बुडाली, आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत माझ्या शाळेच्या गावाचं नाव छापून आलं ते भांडणापायी. वेलदूरच्या ज्या वर्गमित्राच्या घरी आम्ही कैऱ्या चोरायला जायचो, त्याच्या अंगणातून आता धुराडी दिसतात. तो म्हणतो, तुम्ही मुंबईवाले धुराड्यांचं विचारता, मला मासळीचं विचारा. खाडीत पूर्वी पाग (फेकायचं जाळं) टाकला की शेंगाळा, बोय, पालू काही ना काही लागायचं. आता वरच्या अंगाच्या कारखान्यांचं पाणी उतरलं की मेलेले मासे काठाला लागतात. यावर त्याच्याकडे बोलण्यासारखं खूप आहे. ते त्यानेच लिहावं, म्हणून संपादकांना मी त्याचा पत्ता दिला आहे.

महोत्सवाच्या कार्यक्रमाचं निमंत्रण मिळालं. सकाळी दहाची वेळ. मी उठून कालनिर्णय पाहिलं. पंचमी. पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेदहाला पूर्ण सुकती. बायको म्हणाली, अहो, जंगलजेटीला काय फरक पडतो? काहीच पडत नाही. तरी मी आधीच्या फेरीने येतोय.