शुद्ध पाणी

"टाकीत शुद्ध पाणी टाका" असं मी फोनवर म्हणालो, तिथंच घोळ झाला.

अमळनेरकडचा मोबाइल टॉवर. वीज गेली की आमचा पाच किलोवॉटचा फ्युएल सेल, म्हणजे हायड्रोजनवर वीज बनवणारं मशीन, त्याचा लोड घेतो. मे महिना, पारा ४४ वर, आणि कूलंट, म्हणजे मशीन थंड ठेवणारं पाणी, कमी झाल्याचा अलार्म. मी धुळ्याच्या साइटवर अडकलेला. वॉचमन बाबांना टाकी भरायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी इन्सुलेशन फॉल्ट (करंट बॉडीकडे गळतोय) येऊन मशीन बंद.

गेलो तर बाबा खुशीत. "भाऊ, फिल्टरनं पानी टाकं. आम्ही बी तेच पेतस." कोपऱ्यात वीस लिटरचा जार, रिकामा.

आता त्यांना काय सांगणार? मशीनच्या पोटातल्या चवडीत, म्हणजे स्टॅकमध्ये, ७२ सेल एकाला एक चिकटून. प्रत्येकात एकीकडे हायड्रोजन, दुसरीकडे हवा, मध्ये प्लास्टिकच्या कागदासारखा मेम्ब्रेन. प्लॅटिनमवर हायड्रोजन फुटतो. प्रोटॉन मेम्ब्रेनमधून पार होतो, इलेक्ट्रॉनला बाहेरच्या तारेनं वळसा घालावा लागतो. तीच वीज. लोडवर सेलमागे जेमतेम ०.६५ व्होल्ट, सगळे मिळून ४७ च्या आसपास. कूलंट या सगळ्या सेलच्या प्लेटांमधून फिरतं. त्यात क्षार असले की पाणीच तार होतं, करंट चोरवाटेनं बॉडीला जातो आणि प्लेटा कुरतडल्या जातात. म्हणून क्षार काढलेलं डीआय पाणी. पाणी किती वीज वाहतं ते मायक्रोसिमेन्समध्ये मोजतात; आमची मर्यादा ५. मीटर म्हणाला २८०. पाण्यातले क्षार धरून ठेवणारं रेझिनचं कार्ट्रिजही निकामी झालेलं.

डीआयचे कॅन नाशिकच्या गोडाऊनला. टाकीवर सूचना आहे, पण इंग्रजीत. मराठी स्टिकर मागून दोन वर्षं झाली. ऑफिसला त्यात गंमत वाटते.

कॅन आले तेव्हा दुपार टळली होती. पंप चालवून तीनदा सिस्टिम धुतली: ४१, मग १४, मग ८. नवीन कार्ट्रिज बसवलं, तासभर फिरवलं, ३. मशीन उठलं, पर्ज व्हॉल्व्ह फुस्स करून बोलला. बाबा म्हणे, "आते बरं शे?"

बरं होतं. पण मी लोड देऊन एकेका सेलचा व्होल्टेज बघत बसलो. ४१ नंबरचा ०.५२. मागच्या सर्व्हिसच्या नोंदीत तो ०.५८ होता, म्हणजे आधीपासून कमजोरच. त्यानंतर दोनदा जाऊन आलो, तो ०.५२ वरच आहे. रिपोर्टमध्ये कारणाची जागा मी अजून कोरी ठेवली आहे.