सूर सोडण्याची तालीम

पियानो शिकलेल्या माणसाला ऑर्गन आपोआप येतो असे पुष्कळांना वाटते, कारण दोन्ही वाद्यांच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या सारख्याच दिसतात. एका शनिवारी सकाळी ‘संगीत सौभद्र’च्या प्रयोगाच्या व्यवस्थापकांनी मला दूरध्वनी केला तो याच समजुतीने. त्यांचे नेहमीचे ऑर्गनवादक तापाने अंथरुणाला खिळले होते, त्यांचा पायाने भाता चालवायचा ऑर्गन, म्हणजे पायपेटी, त्यांच्याच घरी होती, आणि रात्री साडेनऊच्या प्रयोगाची तिकिटे विकली गेली होती. माझे उजवे मनगट त्या वेळी प्लास्टरमध्ये असल्यामुळे मी बसू शकत नव्हतो. “सर, तुमच्या क्लासमधली ती पियानोच्या परीक्षा दिलेली मुलगी पाठवा की, कीबोर्ड आम्ही आणवतो. पट्ट्या त्याच असतात ना?” असे ते म्हणाले. कीबोर्ड मी क्लासमधलाच न्यायचा ठरवला, आणि मुलीला ताबडतोब सदाशिव पेठेत बोलावून घेतले.

तिची एक बाजू भक्कम होती. आजोबांच्या मांडीवर बसून ऐकलेली नाट्यपदे तिला चालीसकट पाठ होती, त्यामुळे काय वाजवायचे हा प्रश्न नव्हता. किर्लोस्करांचे हे नाटक १८८२ साली रंगभूमीवर आले तेव्हा साथीला ऑर्गन नव्हता. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या काळात तो नाट्यपदाच्या साथीत असा मुरला की आज त्याच्याशिवाय संगीत नाटकाचा प्रेक्षक बेचैन होतो. हा प्रेक्षक चोखंदळ असतो. साथीत एक सूर लांबला तरी तिसऱ्या रांगेतून मान वळते.

आधी आवाज निवडला. आमच्या साध्या कीबोर्डवर ऑर्गनचे अनेक आवाज आहेत आणि नवशिक्या हमखास त्यांतला ‘चर्च ऑर्गन’ निवडतो. तो भव्य असला तरी गळ्याच्या साथीला निरुपयोगी आहे. १९९१ सालच्या ‘जनरल मिडी’ या इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या आवाजांच्या ठरीव यादीत एकविसाव्या क्रमांकावर ‘रीड ऑर्गन’ आहे, आणि पायपेटीच्या सर्वांत जवळचा तोच. त्यातली घुमारा देणारी करामत बंद केली, कारण नाट्यगृहाला स्वतःचा घुमारा असतो. मग ‘टच’ बंद केला, म्हणजे पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज एकच. यावर तिने तोंड वाकडे केले. बोट उचलल्यावरही सूर लांबवणारे सस्टेन पेडल काढून बाजूला ठेवले तेव्हा मात्र ती खरोखर धास्तावली.

तिची धास्ती योग्यच होती, कारण दोन्ही वाद्यांतला खरा फरक तिथेच आहे. पियानोची पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटून लगेच मागे येते. त्यानंतर बोटाने कितीही जोर लावला तरी सुरात फरक पडत नाही, आणि तो सूर स्वतःच विरत जातो. त्यातून जे तुटते ते सस्टेन पेडल सांधून घेते. साहजिकच पियानोवादकाचे सारे लक्ष सूर सुरू कसा होतो यावर असते. ऑर्गनचा सूर विरत नाही. बोट पट्टीवर आहे तोवर तो जसाच्या तसा उभा राहतो आणि बोट उचलले की त्याच क्षणी संपतो. म्हणून ऑर्गनवादकाचे कौशल्य पट्टी दाबण्यापेक्षा सोडण्यात दिसते, असे माझे मत आहे, आणि त्या दिवशी मी तिला दुसरे फारसे काही शिकवलेच नाही.

एक पद वाजवायला लावले तेव्हा दोन्ही दोष एकदम ऐकू आले. हात जागा बदलताना मध्ये पोकळी पडत होती, आणि जिथे हात जागेवर होता तिथे आधीचे बोट उशिरा सुटल्यामुळे दोन सूर एकमेकांत कालवले जात होते. मी तिला सा ते प असे पाचच सूर दिले आणि पुढचा सूर लागण्याच्या नेमक्या क्षणी मागचा सुटला पाहिजे एवढी एकच अट घातली. अतिशय संथ लयीत ती हे बराच वेळ करत राहिली. मग बोटबदल घेतला: मध्यम तिसऱ्या बोटाने धरलेला असताना, तो न तुटू देता, त्याच पट्टीवर अंगठा सरकवायचा आणि मोकळी झालेली बोटे वरच्या सुरांसाठी पुढे न्यायची. पियानोवर तिने हे पूर्वी पाहिले होते, पण पेडल असताना त्याची गरज पडत नसल्यामुळे बोटांना ती सवय लागली नव्हती.

एकाच सुराची पुनरुक्ती हे आणखी एक अवघड ठिकाण. पियानोवर तोच सूर पुन्हा दाबला की नवा ठोका ऐकू येतो; ऑर्गनवर मध्ये पुरेशी उसंत ठेवली नाही तर दोन सुरांचा मिळून एकच लांब सूर होतो. पदाच्या शब्दांत एकाच सुरावर तीन अक्षरे येतात तेव्हा प्रत्येक सूर त्याच्या जवळजवळ अर्ध्या लांबीवर सोडावा लागतो, तरच अक्षरे सुटी होतात. जोर द्यायचा असेल तरी उपाय हाच, कारण बोटाचे वजन इथे चालत नाही: ज्या सुरावर वजन हवे त्याच्या आधी कणभर मोकळी जागा सोडायची.

डाव्या हाताशी मात्र वाद झाला. तिला कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सुरांचे गुच्छ, भरायचे होते. पियानोवर डावा हात हलका ठेवून उजव्यातली चाल वर काढता येते. ऑर्गनवर सगळे सूर समान ताकदीचे असतात, त्यामुळे तीन सुरांचा कॉर्ड एका सुराच्या चालीला दाबून टाकतो, आणि खालच्या सप्तकातले सूर विरत नसल्याने गायिकेच्या गळ्याभोवती गर्दी करतात. डाव्या हाताने षड्ज-पंचम धरायचा किंवा तीच चाल खालच्या सप्तकात हलकेच सोबत न्यायची, आणि आवाज कमी करायचा असेल तेव्हा सूर कमी करायचे, एवढ्यावर तडजोड झाली.

आवाजाच्या चढउतारासाठी एका गिटारवादक मित्राचे व्हॉल्यूम पेडल कीबोर्ड आणि मिक्सर यांच्या मध्ये जोडले. पियानोवादकाचा उजवा पाय दर मात्रेला खाली-वर होत असतो. तिचाही झाला आणि पद हेलकावे खाऊ लागले. पेडल निम्म्यावर ठेवायचे आणि ओळ संपेपर्यंत हलवायचे नाही, असे ठरले. मध्येच तिने हॅमंड ऑर्गनवाल्यांची फिरत्या स्पीकरची थरथर वापरू का असे विचारले. १९३५ साली बाजारात आलेला तो विजेवरचा ऑर्गन, आवाजाचा पोत बदलणाऱ्या त्याच्या नऊ दांड्या म्हणजे ड्रॉबार, सगळी बोटे उचलल्याशिवाय पुन्हा न वाजणारा त्याचा तो ‘टक’ आवाज हे सारे मला मनापासून आवडते, पण सुभद्रेच्या पदामागे ते ऐकण्याची माझी तयारी नव्हती.

सुभद्रेचे काम करणाऱ्या ताईंचा षड्ज काळी चारला, म्हणजे सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीवर, होता आणि अर्जुनाचा काळी एकला. वेळ थोडा असल्यामुळे तिने सर्व पदे पांढरी एकमधून वाजवायची आणि ट्रान्सपोजचे, म्हणजे सगळे सूर एकेका पट्टीने वर-खाली सरकवणारे, बटण काळी चारसाठी उणे चार, काळी एकसाठी अधिक एक असे फिरवायचे, हे आम्ही ठरवले. पहिला अंक तसा निभावला. नांदीत पेडल थोडे जास्त दाबले गेले, तबलजींनी एकदा भुवई उंचावली, एवढेच.

दुसऱ्या अंकात सुभद्रेचे पद चालू असताना विंगेत कोणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि कीबोर्ड बंद पडला. वायर लगेच परत बसवली गेली, पण असा कीबोर्ड पुन्हा चालू होतो तो पियानोच्या आवाजात, टच सुरू असलेला आणि ट्रान्सपोज शून्यावर. ताई गात होत्या, तबला चालू होता. ट्रान्सपोज उणे चारवर न्यायला ‘फंक्शन’मध्ये शिरून चार वेळा बटण दाबावे लागते, आणि तेवढा वेळ हात पट्ट्यांवरून काढणे तिला मान्य नव्हते. तिने डाव्या हाताने फक्त आवाजाचा क्रमांक बदलला आणि धृपदाला सरळ काळी चारमधूनच साथ सुरू केली. परीक्षांसाठी बाराही सुरांतून घोटलेली स्केल तिथे कामाला आली. टच सुरू असल्यामुळे आता बोटांचे वजन ऐकू येणार होते. तिने ते आश्चर्य वाटावे इतके सारखे राखले.

त्याहून मोठी गोष्ट बोटांखाली घडली. पांढरी एकमधून वाजवताना मध्यम आणि गंधार या दोन शेजारच्या पांढऱ्या पट्ट्या असतात, आणि त्यांच्यामध्ये बोट बदलावेच लागते. काळी चारमध्ये मध्यम काळ्या पट्टीवर येतो आणि गंधार लगतच्या पांढरीवर, त्यामुळे तेच बोट काळ्यावरून पांढरीवर घसरवता येते. षड्जावरून निषादावर उतरतानाही तसेच. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, ऑर्गनवर निघत नाही, पण या घसरण्याने दोन सुरांमधली फट इतकी मिटते की कानाला तिचा भास होतो. हे मी तिला शिकवले नव्हते. बोटांना वाट सापडली आणि ती त्या वाटेने गेली. पदाला ‘वन्स मोअर’ मिळाला, आणि दुसऱ्या खेपेस तिने प्रत्येक म-ग मुद्दाम घसरवूनच घेतला.

मध्यंतरात ताई चहाचा कप घेऊन तिच्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, “आता तुझी पेटी माझ्या गळ्याला चिकटून चालते आहे, आधी जरा लांबून चालत होती.” मी ट्रान्सपोज पुन्हा लावायला पुढे झालो, तर तिने मला थांबवले. काळी एकमध्येही मध्यम-गंधार आणि षड्ज-निषाद या दोन्ही जागा काळ्यावरून पांढरीवर उतरतात, हे तिने तेवढ्यात पट्ट्यांवर बोटे ठेवून पाहिले होते. तिसऱ्या अंकापासून अर्जुनाची पदे तिने मूळ जागेवरूनच वाजवली. माझ्या क्लासमध्ये नाट्यपदाची साथ शिकायला येणाऱ्या पियानोवादकांना आता ट्रान्सपोजचे बटण वापरायची परवानगी नाही.